हिरवा आकडा

विजयमालाबाईंच्या हातातली बांगडी निघाली ती फुटून नाही, कासारानं हात चोळून काढली म्हणूनही नाही. आपली आपण निघाली. सोमवारची सकाळ होती. नगरच्या सावेडीतल्या मैदानाच्या कडेला प्रवीणनं नेहमीसारखा वजनकाटा मांडला होता, आणि काट्यावरून उतरताना बाईंनी हात नुसता खाली सोडला, एवढंच निमित्त झालं. बांगडी मनगटावरून, अंगठ्याच्या हाडावरून, कुठंही न अडखळता घसरली, फरशीवर पडली आणि दोन गिरक्या घेऊन आडवी झाली. फिरायला येणाऱ्या पाचसहा बायका भोवती उभ्या होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाली, "आमच्या साबण लावून निघत न्हाईत, आन् हिची बघा, नुसती सोडली की आली." विजयमालाबाई लाजल्या. पन्नाशीला टेकलेली बाई लाजली की तिच्यातली मुलगी दिसते, तशी ती दिसली. प्रवीणनंही टाळी वाजवली, कारण टाळी वाजवणं हा त्याच्या कामाचाच भाग होता. पण वाजवता वाजवता त्याची नजर त्या बांगडीवर अडकली. अशी निघालेली बांगडी त्यानं आधी एकदा पाहिली होती. ती कुणाची, कुठं, हे आठवायच्या आत त्यानं घाईघाईनं खिशातली तबकडी काढली आणि फिरवली.

ही तबकडी म्हणजे पुठ्ठ्याच्या दोन गोल चकत्या, मधोमध एका पितळी खिळ्यानं जोडलेल्या. खालच्या चकतीवर उंची, वरच्या चकतीवर वजन. उंचीसमोर वजन आणलं की वरच्या चकतीतल्या छोट्या खिडकीत एक आकडा यायचा आणि त्या आकड्यामागं एक रंग. लाल म्हणजे लठ्ठ, पिवळा म्हणजे जादा, हिरवा म्हणजे छान. बॉडी मास इंडेक्स असं त्याचं नाव होतं, आणि ते नाव प्रवीण इतक्या झोकात उच्चारायचा की ऐकणाऱ्याला आपल्यात काही तरी कमी आहे, नाहीतर जास्त आहे, असं आधीच वाटू लागायचं. पुण्याच्या कंपनीनं वजन उतरवायच्या पावडरीच्या डब्यांबरोबर ती दिली होती, आणि खरं सांगायचं तर डब्यांपेक्षा तबकडीच जास्त कामाची होती. पावडर घ्या म्हणून दारोदार फिरलं तर लोक कुत्रं सोडतात. पण "या, फुकट आकडा काढून देतो" म्हटलं की माणूस पाय आपसूक काट्यावर ठेवतो. आपला आकडा किती, हे कळल्याशिवाय कुणाला राहवत नाही, आणि कळला की त्याला झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी तो माणूस स्वतःच विचारत येतो, सर, आता काय करायचं? मग आहाराचा तक्ता, दर सोमवारी वजन, सकाळ-संध्याकाळ दुधातून पावडर. औषधकंपनीतली नोकरी सुटल्यावर प्रवीणनं सहा महिने घरात बसून काढले होते. तबकडीनं त्याला पुन्हा माणसांत आणलं होतं.

"बावीस," तो म्हणाला. "हिरवा." बायकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. बाईंनी बांगडी उचलून हातात घातली, कोपरापर्यंत वर ढकलली आणि सहज सांगावं तसं सांगितलं, "सर, खरं सांगू का? पावडर मी दिवाळीपासून घेतलीच न्हाई. मळमळतंय तिनं. डबा तसाच पडून हाय. रागवू नका." प्रवीण हसून म्हणाला, "तरी उतरतंय ना? म्हणजे शरीराला वळण लागलं." हे वाक्य त्याच्या तोंडून इतक्या सहजपणे आलं की ते आपण आत्ता रचलं यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसला नाही. बायका पांगल्या. तो काट्यापाशी उकिडवा बसून राहिला. खिशातून त्यानं बाईंचं कार्ड काढलं. जूनमध्ये सत्याहत्तर किलो, लाल. दिवाळीला सहासष्ट, पिवळा. आता अठ्ठ्याण्णवचा फेब्रुवारी लागला होता आणि आकडा होता पंचावन्न. पावडर घेऊन, तक्ता पाळून पाच महिन्यांत अकरा. काही न घेता साडेतीन महिन्यांत अकरा.

घरी येईपर्यंत त्याला ती दुसरी बांगडी आठवली होती. आठवली म्हणजे काय, ती कधी विसरलीच नव्हती, फक्त तिच्याकडं पाठ करून तो इतकी वर्षं बसला होता. राहुरीजवळ साखर कारखान्याच्या मागं बौद्धवस्तीत त्यांचं दोन खणांचं घर होतं. वडील, रंभाजी, गव्हाणीवर उसाच्या मोळ्या टाकायचे. आई, भागिरथी, खुरपायला जायची. प्रवीण तेव्हा अकरा वर्षांचा. आई नळावर भांडी घासत होती आणि राखेच्या हाताबरोबर तिची बांगडी पातेल्यात पडली. तीही फुटली नव्हती. आई हसून म्हणाली होती, "बघ, माझा हात पोरीवानी झाला." शेजारणी सुद्धा म्हणायच्या, भागिरथे, शिडशिडीत झालीस गं, लग्नातल्यासारखी दिसतीस. कुणाला काही खटकलं नाही. वस्तीत वाळलेलं असणं ही बातमी नव्हती. सगळेच वाळलेले. हंगाम संपला की माणसं उतरायची, हंगाम लागला की जरा भरायची. त्यातली एक भरायची राहिली तर कोण लक्ष ठेवणार? आईचा खोकला सुरू झाला तेव्हा लोक म्हणाले कारखान्याच्या भुशाचा आहे. मग एक दिवस वडिलांनी तिला उचलून टेम्पोत ठेवलं, एका हातानं, दुसऱ्या हातात कंदील आणि पिशवी होती. एका हातानं. प्रवीणला तेव्हा वडिलांच्या ताकदीचा अभिमान वाटला होता. नगरच्या दवाखान्यातल्या काट्यावर आई एकोणतीस किलो भरली. तिथल्या माणसानं विचारलं, इतके दिवस काय झोपला होता का? आणि रंभाजी, ज्यांना कारखान्यात सगळे रंभ्या म्हणायचे, हात जोडून म्हणाले, साहेब, आमाला वाटलं, अशीच असती बाई.

आमाला वाटलं, अशीच असती बाई. हे वाक्य प्रवीणच्या मागं लागलं. चितळे रोडवरून भाजी घेऊन येताना, रिक्षात बसताना, दाढी करताना ते कानात वाजायचं. त्याला माणसं दिसायची बंद झाली आणि नुसती मनगटं, गळ्याची हाडं, गालफडं दिसू लागली. पूर्वी तो रस्त्यानं जाताना मनातल्या मनात तबकडी फिरवायचा, हा गडी लाल, ही बाई पिवळी, हे गिऱ्हाईक होईल, हे होणार नाही. आता तो उलट्या बाजूनं बघू लागला. हा का वाळलाय? हिचा ब्लाऊज खांद्यावरून का उतरतोय? तबकडीला उंची कळायची, वजन कळायचं; पण उतरलं ते कशानं, हे विचारायला तिच्यात खिडकी नव्हती. उतरणाऱ्याला ती शाबासकीच द्यायची. मनानं ठरवून उतरला काय, आणि आतून काही खात असलं म्हणून उतरला काय, तिच्या लेखी दोघंही हिरवे. एका दुपारी घरात कुणी नसताना प्रवीणनं आईची उंची आठवली. दाराच्या वरच्या चौकटीला तिचा अंबाडा टेकायचा, म्हणजे पाच फूट असेल. त्यानं पाच फुटांसमोर एकोणतीस आणायला वरची चकती फिरवली. चकती पस्तीसला संपत होती. त्यापुढं नुसता कोरा पांढरा पुठ्ठा होता. त्यानं अंगठ्यानं जोर करून चकती पुढं रेटली, खिळा करकरला, आणि खिडकीत आकडाही नाही, रंगही नाही असं काहीतरी आलं. त्यानं तबकडी उशीखाली घातली आणि किती तरी वेळ त्या उशीकडं बघत राहिला, जणू ती हलेल.

दुसऱ्या सोमवारी बाई आल्या. साडेचोपन्न. गालांवर जराशी लाली होती, ती थंडीची की आणखी कशाची हे त्याला समजेना. "हिरवा ना, सर?" त्यांनी विचारलं. आकडा विचारला नाही, रंग विचारला. "हिरवा," तो म्हणाला. त्याला वाटलं आत्ता बोलावं. पण भोवती बायका होत्या. आणि त्या सगळ्या बाईंकडं बघूनच आल्या होत्या हे तो जाणून होता. त्याच्या बावीस गिऱ्हाइकांपैकी चौदा विजयमालाबाईंचा उतरलेला देह बघून आली होती. सर, तिला केलं तसं मलाही करा. त्यात पुन्हा, सर. या शब्दाची किंमत ज्यांना जन्मापासून मिळाला त्यांना कळायची नाही. रंभ्याच्या पोराला, मराठ्यांच्या, वाण्यांच्या, मास्तरांच्या बायका, हात पुढं करून, मान खाली घालून, सर म्हणत होत्या. त्यांच्या घरात तो बैठकीच्या खोलीत बसत होता, बशीसकट कपात चहा पीत होता. ते सगळं त्या पुठ्ठ्याच्या खिळ्यावर टांगलेलं होतं. एकदा का आपणच म्हटलं की बाई, हे उतरणं बरं नाही, की मग लोक विचारतील, कुणाचं बरं आणि कुणाचं नाही हे सरांना कळतं तरी का? आणि खरी गोष्ट अशी की कळत नव्हतं. हेच तर भ्यायचं मूळ होतं. त्याला जे कळत होतं ते तबकडीतून नाही, भांड्यात पडलेल्या एका बांगडीतून कळत होतं, आणि ते सांगायची त्याला लाज वाटत होती.

त्याच आठवड्यात मच्छिंद्र आला. मच्छिंद्र म्हणजे प्रवीणला या धंद्यात आणणारा, त्याच्या वरचा माणूस. गळ्यात टाय, पायात चपला. पुढच्या रविवारी नगरला मोठा मेळावा ठरला होता आणि पुण्याहून साहेब येणार होते. "तुमच्या त्या बाईंना स्टेजवर घ्यायचं," मच्छिंद्र म्हणाला. "जूनचा फोटो मोठा करून आणलाय मी. एका बाजूला फोटो, एका बाजूला बाई. काही बोलायला लावू नका, नुसत्या उभ्या राहू द्या." प्रवीण म्हणाला, "त्या पावडर घेत नाहीत, दिवाळीपासून." मच्छिंद्रनं चहाचा घोट गिळला. "हे मला सांगितलं ते सांगितलं," तो म्हणाला, "दुसऱ्या कुणाला सांगू नका." तो गेल्यावर वृषालीनं कप उचलले. प्रवीणची बायको बोलायची कमी, पण स्वयंपाकघरातून सगळं ऐकायची. "सांगून टाका त्या बाईंना," ती म्हणाली. "मी काय डॉक्टर आहे का?" तो म्हणाला. "डॉक्टर नसाल. डोळे तर आहेत ना," वृषाली म्हणाली आणि मोरीत जाऊन कप धुऊ लागली. कप धुतल्याचा आवाज नेहमीपेक्षा जास्त वेळ येत राहिला.

त्याला सगळ्यात जास्त छळलं ते दिवाळीच्या दिवसानं. तेव्हा बाईंची आई आली होती, खर्ड्याहून. राहीबाई नाव, कमरेत वाकलेली, पण नजर सुईत दोरा ओवणारी. भाऊबीज होऊन गेलेली, बाईंच्या घरी फराळाला चारपाच मैत्रिणी जमलेल्या, प्रवीणलाही बोलावलं होतं. म्हातारी कोपऱ्यात बसून लेकीकडं नुसती बघत होती. मग एकदम म्हणाली, "माझी लेक बरी न्हाई. कणगीवानी भरली हुती, काय झालं तिला? जेवती का न्हाई ती?" सगळ्या हसल्या. प्रवीण पुढं सरसावला होता. हो, तोच, कुणी सांगितलं नव्हतं. खिशातून तबकडी काढून त्यानं म्हातारीच्या डोळ्यांसमोर धरली होती आणि लहान मुलाला समजावतात तशा आवाजात म्हणाला होता, "आजी, हे बघा. शास्त्र आहे हे. अजून पिवळ्यात आहेत त्या, आणखी पाच किलो उतरायला हवं." म्हातारीनं तबकडी हातात घेतली, उलटी केली, मागं काही लिहिलंय का बघितलं आणि परत दिली. "त्या पुठ्ठ्याला लेकी हायेत का?" तिनं विचारलं. तेव्हा तर हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रवीणही हसला होता. लेकीच्या अंगावरून हात फिरवून म्हातारी दुसऱ्या दिवशी एसटीनं परत गेली होती. आता ती खर्ड्याच्या किल्ल्याखाली आपल्या घरात बसली असेल आणि तिला वाटत असेल, नगरच्या शिकल्या माणसानं सांगितलं म्हणजे बरंच असेल. एका आईला आपण पुठ्ठ्यानं गप्प केलं, असं त्याच्या मनात आलं, आणि आलं ते जाईना. तेव्हा वस्तीत आपल्या आईकडं कुणी अशी बघणारी म्हातारी असती, तर आपण तिलाही हसलो असतो का, हा विचार मात्र त्यानं पुरता केला नाही.

तिसऱ्या सोमवारी बाई त्रेपन्न भरल्या. काट्यावर चढताना त्यांनी प्रवीणच्या खांद्याचा आधार घेतला. तो हात इतका हलका होता की त्याला आधी कळलंच नाही, सदऱ्यावर काही टेकलंय. "हिरवा ना?" "हिरवा." या वेळी ते सांगताना त्याचा आवाज चिरकला आणि बाईंनी त्याच्याकडं पाहिलं. मग त्या फाटकाकडं वळल्या आणि हळूहळू, मध्येच कुंपणाला धरत, चालत गेल्या. मंगळवार-बुधवार तो घराबाहेर पडला नाही. अंगात कणकण आहे असं त्यानं सांगितलं, आणि खरोखरच होती. त्याला सारखं वाटायचं की दारावर थाप पडेल आणि कुणीतरी विचारेल, इतके दिवस काय झोपला होता का? थाप पडली ती दूधवाल्याची. पण त्या थापेनं तो इतका दचकला की पातेलं हातातून सुटलं, आणि वृषालीनं फडकं घेऊन गुपचूप दूध पुसलं. गुरुवारी दुपारी त्यानं सदरा घातला. तबकडी रोजच्या सवयीनं खिशात होती. ती त्यानं काढून टेबलावर ठेवली आणि निघाला.

बाईंचे यजमान, राधाकृष्ण, राहुरीला विद्यापीठात नोकरीला. रोज सकाळच्या गाडीनं जात आणि दिवेलागणीला येत. हे ठाऊक असूनच प्रवीण दुपारी आला होता. बाई ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. "सर? आज तर सोमवार न्हाई," त्या म्हणाल्या आणि उठू लागल्या. "बसा, बसा," तो म्हणाला आणि स्वतःच पायरीवर टेकला. समोरच्या घरावर कुणीतरी पापड वाळत घातले होते. आठवडाभर त्यानं वाक्यं जुळवली होती, एक तपासणी करून घ्या, तसं काळजीचं काही नाही, वयानुसार करावंच. औषधकंपनीत असताना शिकलेली गुळगुळीत वाक्यं. त्यांतलं एकही तोंडात येईना. "बाई," तो म्हणाला, "हे वजन मी नाही उतरवलेलं. पावडरीनंही नाही. हे बरं लक्षण नाही. माझी आई अशीच गेली."

बाईंनी मेथीची एक काडी खुडली, पानं टोपलीत टाकली, देठ बाजूला ठेवला. मग दुसरी घेतली. प्रवीणला वाटलं त्यांना ऐकूच आलं नाही, आणि क्षणभर त्याला बरं वाटलं. उठून जावं, अजून वेळ गेलेली नाही. तेवढ्यात त्या खालीच बघत म्हणाल्या, "तुमाला कधी कळलं?" खोटं बोलणं सोपं होतं. आजच, म्हटलं असतं तर चाललं असतं. "पंधरा-वीस दिवस झाले," तो म्हणाला. "बांगडी पडली तेव्हा." बाईंनी मान हलवली. "मला दिवाळीच्या आधीपासून ठावं हाय," त्या म्हणाल्या. "गाठ हाय एक. कुठं ते इचारू नका."

"मग कुणाला सांगितलं नाहीत?" त्यानं विचारलं. "कुणाला सांगू? ह्यांना सांगितलं तर हे घाबरत्याल. आईला सांगितलं तर ती तिथंच मरंल." त्यांनी मेथीची जुडी मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात तिच्यावर. "डॉक्टर काय सांगल ते मला ठावं हुतं. म्हणून गेले न्हाई. तुमच्याकडं यायची. तुमी दर सोमवारी हिरवं म्हणायचा. साऱ्या जणी टाळ्या वाजवायच्या. आठ दिवस निघायचे मग. सातव्या दिवशी लई भ्या वाटायचं, की पुन्हा सोमवार यायचा." त्या बोलत होत्या त्या आवाजात राग नव्हता, असता तर त्याला बरं वाटलं असतं. आपण त्यांना फसवत आहोत या भीतीनं तो वीस दिवस पिचला होता, आणि बाई तर फसवून घ्यायलाच येत होत्या. दोघं मिळून एका पुठ्ठ्याच्या खिडकीआड लपले होते. त्याला रडू आलं. ते त्यानं लपवलं नाही. बाईंनी ते पाहिलं आणि त्यांचे डोळे पहिल्यांदा विस्फारले. सर रडतायत म्हणजे हे खरंच आहे, असं त्यांना तेव्हा कळलं असावं, कारण त्यांनी मांडीवरची जुडी न निवडताच टोपलीत ठेवून दिली.

"आता जाऊ," प्रवीण म्हणाला. "आत्ता. मी बरोबर येतो. दवाखाना चारला उघडतो." "रविवारचा मेळावा?" बाईंनी विचारलं. "नाही मेळावा," तो म्हणाला. बाई भिंतीला धरून उठल्या. आत जाऊन त्यांनी दुसरं पातळ नेसलं. दाराआडून बराच वेळ कपाट उघडझाक केल्याचा आवाज येत होता, आणि प्रत्येक आवाजाला प्रवीणला वाटत होतं की आता त्या म्हणतील, नको, राहू द्या. पण त्या बाहेर आल्या. कुलूप लावायला त्यांना जमेना, ते त्यानं लावलं. किल्ली शेजारी दिली. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी असायची, तिकडं दोघं चालू लागले. समोरून फिरायला येणाऱ्यांपैकीच एक बाई पिशवी घेऊन येत होती. ती विजयमालाबाईंकडं कौतुकानं पाहून हसली आणि पुढं गेली. बाई थांबल्या. पदराचं टोक त्यांनी मुठीत गच्च धरलं होतं.

"सर, आत गेल्यावर डॉक्टरला काय सांगायचं? मला सुचायचं न्हाई."

"काही नाही," तो म्हणाला. "एवढंच सांगा की वजन उतरलं."

"ते तर मी साऱ्या गल्लीला सांगितलं," बाई म्हणाल्या, आणि रिक्षात बसण्यासाठी त्यांनी त्याच्यापुढं हात केला.